ईस्टर सकाळी दहाला संपतो: मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

१८ एप्रिल २०२६

प्रति,
महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांचे पाळक आणि पंच

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

यंदा ईस्टर ५ एप्रिलला झाला. पहाटे प्रभातफेरी निघाली, ढोलकी-झांजा वाजल्या, कबरस्तानात मेणबत्त्या लागल्या. उपासना झाली, उकडलेली अंडी आणि चहा झाला, आणि सकाळी दहाच्या सुमारास पुनरुत्थान आटोपलं. पुढच्या रविवारी आमच्याकडे उपदेशाचा विषय होता दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग मंडळीला देणं.

आता उपवासकाळ आठवा. चाळीस दिवस घरोघरी सभा. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन वधस्तंभावरची सप्तवचनं, त्यासाठी सात वक्ते, आणि कोणाला कुठलं वचन मिळालं यावरून होणारे रुसवेफुगवे वेगळेच. मरणाला चाळीस दिवस आणि उठण्याला चार तास, असं आपलं वाटप झालं आहे. वास्तविक ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवसांचा, म्हणजे उपवासकाळापेक्षा मोठा. चर्चच्या कॅलेंडरात तो छापलेलाही असतो. पाळत मात्र कोणी नाही.

नुसत्या वेळापत्रकाची तक्रार असती तर मी पंचांपैकी कोणाला तरी दारात गाठून सांगितली असती. पत्र लिहायला बसले ते तरुण संघातल्या एका मुलामुळे. पुण्याला नोकरी करतो, पगार बरा आहे, शनिवार-रविवारी घरी येतो. उपासनेनंतर चपला शोधता शोधता मला म्हणाला, "आंटी, मेल्यावर स्वर्ग आहे हे लहानपणापासून ऐकतोय. पण सोमवारचं काय?" मी त्याला काहीतरी बोलून वाटेला लावलं नाही, घरी नेलं, जेवू घातलं आणि आम्ही संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. त्या बोलण्यात माझ्या लक्षात आलं की या पोराला संडे स्कूलपासून आपण पुनरुत्थान दोनच ठिकाणी दाखवलं आहे. एक ईस्टरच्या पहाटे, आणि दुसरं कोणाला माती देताना. म्हणजे ज्या श्रद्धेवर मंडळी उभी आहे तिचा उपयोग आपण फक्त मरणापुरता ठेवला आहे. मुलं विचारतात जगायचं कशासाठी, आणि आपण त्यांना मेल्यावर काय होईल ते सांगतो.

मी ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. स्टाफ नर्स होते. मिशन हॉस्पिटलात शिकले, पुढे सरकारी नोकरीत राहिले, आता निवृत्त आहे. तेव्हा जे सांगते ते वॉर्डातून सांगते.

पेशंट गेला की डॉक्टर वेळ लिहून पुढच्या कॉटकडे वळतात. नातेवाईक बाहेर. पडदा ओढला जातो आणि आत उरतात सिस्टर आणि मावशी. सलाइन काढायचं, कॅथेटर काढायचा, नाकातली नळी काढायची. डोळे मिटवायचे, मिटत नसतील तर पापणीवर ओल्या कापसाची घडी ठेवायची. हनुवटीखालून बँडेज घेऊन डोक्यावर गाठ मारायची, नाहीतर जबडा उघडाच राहून आखडतो आणि मग घरच्यांना तोंड पाहवत नाही. अंग पुसायचं, हातपाय सरळ करायचे, पायांचे अंगठे बांधायचे, नावाची चिठ्ठी लावायची. आमच्या ट्यूटर कडक होत्या. त्या सांगत, पाणी कोमटच घ्या, जिवंत माणसाला स्पंज देता तसं. आम्ही मुली पाठीमागे हसायचो. मेलेल्याला पाण्याचं काय कळतंय?

माझ्यासोबत बरीच वर्षं काम केलेल्या एक मावशी म्हणायच्या, "सिस्टर, जीव गेला, आता हे मातेरं. कशाला एवढं करता?" म्हणायच्या, पण कान आणि नखं माझ्यापेक्षा नीट त्याच पुसायच्या. तोंडाने एक आणि हाताने दुसरं. मला त्यांचे हात जास्त खरे वाटायचे.

आता मार्काचा सोळावा अध्याय उघडा. शब्बाथ सरल्यावर मग्दालिया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे सुगंधद्रव्य विकत घेतात आणि अगदी पहाटे कबरेकडे निघतात. कशासाठी? त्याच्या देहाला लावायला. शुक्रवारी सूर्य मावळायच्या घाईत जे राहून गेलं होतं ते पुरं करायला. पडद्याआडचं आमचं काम करायलाच त्या निघाल्या होत्या. पुनरुत्थान बघायला कोणीही निघालं नव्हतं. तोंडावरची धोंड कोण लोटणार हेसुद्धा ठरलेलं नव्हतं, वाटेत त्या तेवढंच बोलत होत्या. व्यवहाराने बघितलं तर याच्याइतकं निरर्थक काम नाही. माणूस मेलेला, चळवळ मोडलेली, बरोबरचे पुरुष दारं लावून बसलेले, कबर बंद. तरी त्या निघाल्या, कारण देह त्याचा होता.

मी हा अध्याय कित्येकदा ऐकला होता, पण ही गोष्ट मला कुठल्या उपदेशातून कळली नाही. ती नाइट ड्युटीवर कळली. जगातली सर्वांत मोठी बातमी पहिल्यांदा मिळाली ती मेलेल्या देहाची सेवा करायला निघालेल्या बायकांना. त्या घरी बसून अर्थ शोधत राहिल्या असत्या तर त्यांना ती मिळाली नसती. त्या मुलाला मी हेच सांगितलं. जगण्याचा अर्थ आधी हाती येतो आणि मग माणूस कामाला लागतो, असं शुभवर्तमानात घडत नाही.

चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेशी आधी पोचतात त्या बायका. त्या काळच्या ज्यू समाजात बायकांची साक्ष धरत नसत, असं पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस लिहून गेला आहे. गोष्ट रचायचीच असती तर रचणाऱ्याने पेत्राला किंवा योहानाला पुढे केलं असतं. मग्दालिया मरीयेला पुढे करून कोणाचा फायदा होता? प्रेषितांनाही तिचं आणि इतर बायकांचं बोलणं वायफळ वाटलं, हे लूक लपवत नाही. मला हा पुरावा वकिली थाटात मांडायचा नाही. रिकाम्या कबरेने मी कोणाचं तोंड बंद करू शकत नाही आणि करायचंही नाही. पण एक गोष्ट पंचांना विचारते. आपल्या किती मंडळ्यांत ईस्टरच्या पहाटे हा उतारा बाई वाचते? आमच्याकडे बायकांच्या वाट्याला अंडी उकडणं येतं.

पौलाकडे वळते, कारण तुमचे बहुतेक उपदेश त्याच्यावर असतात. करिंथकरांस पहिलं पत्र त्याने इसवी सन ५५ च्या आसपास लिहिलं, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेला पंचवीसेक वर्षंच झाली होती. पंधराव्या अध्यायात तो आपल्याला मिळालेली साक्ष जशीच्या तशी पुढे देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोब, मग सर्व प्रेषित, शेवटी तो स्वतः. (बायका या यादीत नाहीत. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी त्या घातल्या, हे बरं झालं.) मग तो आडपडदा न ठेवता म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ, आणि सर्व माणसांत आपण सर्वांत लाचार. मेलेले उठत नसतील तर खाऊ, पिऊ, उद्या मरायचंच आहे. इतकं सरळ बोलणारा प्रेषित मला आवडतो.

हा अध्याय आपण माती देताना वाचतो. "अरे मरणा, तुझा विजय कोठे?" इथपर्यंत येतो, आवाज चढतो, आमेन होतं आणि पुस्तक मिटतं. पण अध्याय तिथे संपत नाही. शेवटी अजून एक वचन आहे, ५८ वं, आणि ते "म्हणून" असं सुरू होतं. इतक्या मोठ्या युक्तिवादानंतर पौल कुठे पोचतो? तुम्ही स्वर्गात सुखी असाल, असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, म्हणून स्थिर राहा, प्रभूच्या कामात तत्पर असा, कारण प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि त्याच्या पुढच्याच ओळीत, सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला, काय आहे ते तुम्हाला पाठच असेल: पवित्र जनांसाठी वर्गणी. मेलेल्यांना उठवणाऱ्या शेवटच्या कर्ण्यावरून तो थेट यरुशलेमेतल्या गरिबांच्या पैशांवर येतो, मध्ये श्वासही घेत नाही. वर्गणीचं वचन तुम्ही सांगता, पण ते कशाच्या पाठीला लागून आलंय ते सांगत नाही.

श्रम व्यर्थ नाहीत, एवढ्या तीन शब्दांवर माझी सगळी नोकरी उभी राहिली. अर्धांगवायूचा एक म्हातारा पेशंट होता, बोलणं गेलेलं, घरचे येत नसत. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा, पाठ पुसायची, पावडर लावायची, चादरीच्या सुरकुत्या ताणायच्या, नाहीतर माकडहाडाशी कातडी लाल होते, मग काळी पडते आणि आत खड्डा पडतो. तो बरा होणार नव्हता. आभार मानणार नव्हता. एक ज्युनिअर मुलगी वैतागून म्हणाली, हा आज नाहीतर उद्या जाणार, बेडसोर झाला काय आणि न झाला काय. तिच्या प्रश्नाला हॉस्पिटलच्या नियमपुस्तकात उत्तर आहे, पण ते पोटात उतरणारं नाही. माझं उत्तर असं की देवाने ज्या येशूला उठवलं त्याचे हात त्याने कोरे करकरीत करून दिले नाहीत. खिळ्यांच्या खुणा होत्या. कुशीतली जखम होती, संशय घेणाऱ्या थोमाला हात घालण्याइतकी. त्या देहावर जे घडलं ते पुसलं गेलं नाही, ते उठलेल्या देहात घेतलं गेलं. मग त्या म्हाताऱ्याच्या पाठीवर फिरलेला ओला टॉवेल वाया गेला असं मी का मानू?

याचा अर्थ असा नव्हे की पुनरुत्थान न मानणारे मन लावून काम करत नाहीत. माझ्याबरोबर देव अजिबात न मानणारी एक सिस्टर होती, तिच्या हाताखालच्या पेशंटला कधी बेडसोर झाला नाही. तिचं बळ कुठून यायचं ते तिला ठाऊक. माझं कुठून यायचं तेवढंच मी लिहिते आहे.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायला हवं, कारण तो खुद्द पुलपिटावरून पसरतो. आपल्याकडच्या मातीच्या वेळी होणारे उपदेश ऐका. देह म्हणजे जुनं वस्त्र, आत्मा ते टाकून निघून गेला, आत्म्याला मरण नाही. हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं आहे. आपण मराठी माणसं, ते कानावरून गेलेलं असतं, शेजाऱ्यांच्या दुःखात आपणही ते आदराने ऐकतो. त्या शिकवणीची थोरवी मोठी आहे, आणि माझ्या मावशींचं "मातेरं" त्याच घरातलं. पण ती ख्रिस्ती शिकवण नाही. दर रविवारी विश्वासांगीकार म्हणताना आपण "देहाचे पुनरुत्थान" म्हणतो. अथेन्समध्ये लोकांनी पौलाचं बाकी सगळं ऐकून घेतलं आणि मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचं नाव निघताच टवाळी केली. आत्मा अमर आहे एवढंच तो म्हणाला असता तर ग्रीकांपैकी कोणी हसलं नसतं. पौल दाण्याचा दाखला देतो: जे पेरता ते पुढे उगवणारं ताट नसतं, नुसता दाणा असतो. आमच्या नगरकडच्या शाळूच्या रानात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. दाणा मातीत जातो आणि त्याच दाण्याचं ताट होतं. देह टाकाऊ असता तर देवाने येशूची कबर रिकामी करण्याचे कष्ट घेतले नसते. उठलेला ख्रिस्त शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. तिबिर्या समुद्राच्या काठावर कोळशाचा विस्तव करून रात्रभर रिकाम्या जाळ्याने दमलेल्या कोळ्यांना म्हणतो, या, न्याहारी करा.

तरुणांना हे सांगा. शरीर, भाकरी, काम, पगार, शेत, औषध, शाळा या सगळ्यांशी देवाचा संबंध आहे. स्वर्गाच्या गाडीची वाट बघत बसायचा हा प्लॅटफॉर्म नव्हे.

नाझींनी तुरुंगात टाकलेला जर्मन पाळक बोनहॉफर तुमच्यापैकी अनेकांनी शिकताना वाचला असेल. १९४४ च्या जूनमध्ये टेगेलच्या तुरुंगातून त्याने मित्राला जे लिहिलं त्याचा आशय असा की पुनरुत्थानाची ख्रिस्ती आशा माणसाला या जगातून पळवून नेत नाही, ती त्याला पृथ्वीवरच्या जगण्याकडे अगदी नव्याने परत पाठवते. पुढच्या वर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी, ८ एप्रिलला, त्याने बरोबरच्या कैद्यांसाठी छोटी उपासना घेतली. वचनांपैकी एक होतं पेत्राच्या पहिल्या पत्रातलं, येशूच्या पुनरुत्थानामुळे मिळालेल्या जिवंत आशेचं. दुसऱ्या दिवशी त्याला फाशी दिलं. ईस्टर उलटून आठवडा झाला होता आणि तरी वचन पुनरुत्थानाचंच होतं, एवढं पाहा.

पण जर्मनीपर्यंत जायची गरज नाही. यंदाचा ईस्टर ज्या तारखेला आला, ती ५ एप्रिल पंडिता रमाबाईंच्या मृत्यूची तारीख. १९२२ साली त्याच दिवशी त्या केडगावला गेल्या. यंदा किती पुलपिटांवरून त्यांचं नाव निघालं?

रमाबाईंना मरण पुस्तकातून माहीत नव्हतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री गेले, आई गेली, बहीण गेली. आईला स्मशानात न्यायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली, ते दोघं, भाऊ आणि ही कोवळी मुलगी, अशा चौघांनी तो भार उचलला. उंची कमी म्हणून तिला आपल्या वाटचा भार डोक्यावर घ्यावा लागला, हे तिनेच लिहून ठेवलं आहे. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. एवढं झाल्यावर जगात काही अर्थ नाही असं त्या म्हणाल्या असत्या तर त्यांना कोणी दोष दिला नसता. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी काय केलं? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या. ज्या दुष्काळाने त्यांचं घर खाल्लं त्याच्याच तोंडातून दुसऱ्यांच्या पोरी ओढून काढल्या. केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनात विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, आंधळ्या बायकांसाठी बार्तीमी सदन काढलं.

आणि बायबलचं भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी सगळं पवित्र शास्त्र उतरवायला घेतलं. ते काम शेवटाला येत असताना, १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. मुक्तीचा भार पुढे तीच उचलणार होती. आई थकलेली, कानाने ऐकू येईनासं झालेलं, वारस गेलेली. तरी ती हस्तलिखित आणि प्रुफं घेऊन बसली. हातातलं काम उरकून वर्षाच्या आतच गेली. छापलेलं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं, म्हणजे ते बांधलेल्या रूपात तिने पाहिलंच नाही. मुलीच्या मरणानंतर प्रुफातली वेलांटी सुधारत बसलेली ती बाई मला ५८ व्या वचनाचं सगळ्यांत चांगलं विवरण वाटते. त्या मुलाला मी मुक्तीला जाऊन यायला सांगितलं आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगावला उतरायचं, फार लांब नाही.

आता कठीण भाग. तो लिहिताना माझा आवाज चढला तर समजून घ्या.

डेंग्यूने गेलेल्या एका लहान मुलीच्या मातीला मी हजर होते. पाळकांनी सांगितलं की बागेत सुंदर फूल दिसलं की माळी ते आधी खुडतो. मुलीची आई माझ्या शेजारी होती. तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. त्यानंतर ती मंडळीत येईनाशी झाली आणि मी तिला या म्हणून सांगितलंही नाही. मरण देवाचं आवडतं हत्यार आहे असं पवित्र शास्त्रात कुठे लिहिलंय? पौल त्याच पंधराव्या अध्यायात मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रू. येशू लाजराच्या कबरेशी गेला तेव्हा आपण याला आता उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं, तरी तो रडला. ज्याच्याकडे उत्तर होतं तो रडला, आणि आपण उत्तराच्या नावाखाली आईला रडू देत नाही. कृपा करून "देवाला आवडला" हे वाक्य थांबवा. आत्महत्या केलेल्यांच्या घरी जाऊन स्वर्ग-नरकाची चर्चा थांबवा. मातीच्या वेळी जमलेल्या शेजाऱ्यांना पश्चात्तापाचं आवाहन करण्याची संधी साधणंही थांबवा. ज्याला पुनरुत्थानाची खात्री आहे त्याला एवढी घाई कशाची?

२०२१ च्या एप्रिलमध्ये ईस्टर ४ तारखेला होता. मी तेव्हा कोविड वॉर्डात होते. गेलेल्याचं अंग पुसायला मनाई होती. नळ्या काढायच्या, पिशवीत घालायचं, चेन ओढायची. कोमट पाणी नाही, कान पुसणं नाही. घरच्यांना लांबून चेहरा दाखवला तर दाखवला. ब्रेकमध्ये कोणीतरी मोबाइलवर ईस्टरचा संदेश लावला होता, विजय, विजय, विजय. मला तो बंद करावासा वाटला. त्या दिवशी मला धीर दिला तो मार्काच्या शेवटाने. जुन्यात जुन्या हस्तलिखितांत मार्काचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबतं: त्या बायका कापत कबरेतून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. बस्स, इथेच पुस्तक संपतं. ईस्टर झालेला आहे आणि माणसं थरथरत आहेत, हे दोन्ही एकदमच खरं असू शकतं. पीपीई किटच्या आत घामाने चिंब होऊन उभी असताना मला विजयाच्या आरोळीपेक्षा ते आठवं वचन जवळचं वाटलं.

म्हणून साक्षींबद्दलही बोलते. ईस्टरनंतर साक्ष द्यायला कोणाला उभं करता? ज्याला व्हिसा मिळाला, ज्याची किडनीची गाठ नाहीशी झाली, ज्याचा प्लॉट विकला गेला. त्यांचा आनंद खराच आहे. पण ज्याची गाठ नाहीशी झाली नाही त्याने काय करायचं? गालिलात डोंगरावर उठलेल्या ख्रिस्ताला नमन करतानाही कित्येकांना संशय वाटला, हे मत्तय सांगतो, आणि सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करण्याची महान आज्ञा त्या संशय घेणाऱ्यांनाही मिळाली. येशूने त्यांना बाजूला काढून उरलेल्यांना पाठवलं नाही. शंका असलेल्या तरुणांना साक्षीसाठी उभं करा. मुलगी गेलेल्या आईला, ती यायला तयार असेल तर, आणि तिला काही बोलायचं नसेल तर नुसतं बसू द्या.

आजपासून पेंटेकॉस्टच्या आधी पाच रविवार आहेत. उद्याचा एक, मग २६ एप्रिल, ३, १० आणि १७ मे. पंधरावा अध्याय या पाच रविवारांत आरामात होतो. दशांश जूनमध्ये घेता येईल. शेवटचा रविवार ५८ व्या वचनासाठी राखा आणि त्या दिवशी पुलपिटावरून मंडळीतल्या कामांची नावं घ्या: अंगणवाडीच्या बाई, एसटीचे कंडक्टर, पोल्ट्रीवर जाणारे, धुणीभांडी करणाऱ्या, शिक्षक, वायरमन, घरी आजारी सासूची सेवा करणाऱ्या सुना. हे सगळं "प्रभूचं काम" या शब्दांत येतं का, यावर तुमचे आमचे मतभेद होऊ शकतात. माझ्या मते येतं. तुम्हाला तसं वाटत नसेल तर तेच उपदेशात मांडा, आम्ही ऐकू आणि उपासनेनंतर वाद घालू.

पुढच्या वर्षी ईस्टर २८ मार्चला आहे. पहाटेच्या उपासनेत मार्क १६ चं वाचन मंडळीतल्या तीन बायकांकडे द्यावं, आणि त्या बायका शक्यतो वॉर्डात, वृद्धाश्रमात किंवा घरी कोणा अंथरुणाला खिळलेल्याची सेवा करणाऱ्या असाव्यात, असा ठराव आमच्या पंच मंडळीपुढे मी लेखी दिला आहे. पुढल्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो घेऊ, असं सचिवांनी तोंडी सांगितलं आहे. इतर मंडळ्यांनी असाच ठराव केला तर कळवावं. त्या दिवशीची अंडी पंचांनी उकडायला हरकत नाही, गॅसची शेगडी मी आणून देईन.

आपली,
मंडळीतली एक निवृत्त परिचारिका
अहिल्यानगर जिल्हा